वाचकांचे प्रश्न : खडखड नेमकी कुठून येते?

पावसाळा सरला की या सदराकडे गाडीच्या आवाजांचे प्रश्न वाढतात. एप्रिल-मेच्या उन्हात जुन्या गाडीचे रबरी बूट (सांध्यांवरची टोपणं) आणि बुश (सांध्यांतल्या रबरी गाद्या) कडक होऊन चिरतात. पावसात त्या चिरांतून पाणी आणि काळ्या मातीचा गाळ आत शिरतो, सांध्यातलं ग्रीस धुऊन जातं आणि दिवाळीच्या आसपास खडखड सुरू होते. म्हणजे आवाज कानावर येतो तेव्हा बिघाड काही महिने जुना झालेला असतो. या वेळी सस्पेन्शन आणि स्टीअरिंगचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी २०१२ची डिझेल स्विफ्ट १,४०,००० किलोमीटर चालली आहे. खराब रस्त्यावर २०-३०च्या वेगाला पुढून डावीकडून खडखड येते, हायवेवर मात्र गाडी गप्प असते. मिस्तरी म्हणतात, पुढचे दोन्ही शॉकअप बदला. बदलू का? — एक वाचक, औसा

आत्ता बदलू नका. शॉकअप जातो तेव्हा आवाजाआधी गाडीची चाल बिघडते. गतिरोधकावरून उतरल्यावर नाक दोन-तीनदा वरखाली होतं, शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला पट्टा दिसतो आणि त्यावर धूळ चिकटून थर बसतो. यातलं काही नसेल, तर कमी वेगात एका बाजूने येणाऱ्या सुट्या खडखडीचा पहिला संशय लिंक रॉडवर घ्यायचा. स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारी आडवी दांडी, आणि शॉकअप यांना जोडणारा हा लहान दांडा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट (गोळा-वाटीचे सांधे) असतात आणि ते झिजले की खडखडतात.

याची पहिली परीक्षा फुकट होते. रुंद गतिरोधक आधी सरळ ओलांडा, दोन्ही चाकं एकदम चढू द्या. तेव्हा बार नुसता फिरतो, लिंकवर जोर येत नाही. मग तोच गतिरोधक तिरका घ्या, म्हणजे चाकं एकामागून एक चढतील आणि लिंक ओढला जाईल. सरळ जाताना शांतता आणि तिरकं जाताना खडखड असेल, तर दोष लिंकमध्ये किंवा बारच्या बुशमध्ये आहे.

हाताने तपासताना बरेच जण एकच चाक जॅकवर उचलतात. तिथेच फसगत होते, कारण एक बाजू उचलली की बार पिळला जातो, लिंक ताणून बसतो आणि ढिलाई लपते. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर, चारही चाकं टेकलेली अशी घ्या आणि लिंक मुठीत धरून हलवा. तरी शंका राहिली तर दोन्ही लिंक काढा, बारची टोकं कशावर आपटणार नाहीत अशी तारेने बांधा आणि त्याच रस्त्यावर २०च्या वेगाने एक फेरी मारा. आवाज गेला तर चोर सापडला. अशी गाडी वळणावर जास्त झुकते, त्यामुळे फेरी तेवढीच ठेवा.

नवे लिंक दोन्ही बाजूंना एकदम घाला. नट कसताना बॉलचा दांडा सोबत फिरतो, म्हणून टोकाच्या खाचेत ॲलन-की किंवा बारीक पाना धरूनच कसा. एअर गनने कसला तर नव्या जॉइंटचा बूट पहिल्याच दिवशी पिळून फाटतो.

लिंक निर्दोष निघाले तर पुढचा क्रम असा. खडखड चालू असताना ब्रेकवर हलका पाय ठेवा. आवाज थांबला तर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना किंवा पॅडच्या क्लिपा ढिल्या आहेत. तो न थांबल्यास बॉल जॉइंट पाहा. गाडी बॉडीखाली जॅक लावून उचला, खाली घोडी (आधाराचा स्टँड) ठेवा, चाक लोंबू द्या आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) व चाकाचा नकल (बेअरिंग आणि ब्रेक ज्यावर बसतात तो भाग) यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबा. आर्मच्या जॉइंटमध्ये वरखाली हालचाल दिसली, तर ती गाडी तशीच गावाला नेऊ नका. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं आणि स्टीअरिंगचा काही उपयोग उरत नाही. शेवटी बॉनेट उघडून शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा नट तपासा. हे सगळं निर्दोष निघालं, तरच शॉकअपकडे वळा आणि मग ते जोडीने बदला.

प्रश्न : गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की डाव्या बाजूने 'टण्ण' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळही होत नाही. — एक वाचक, सेलू

शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग जाम झालं आहे. स्टीअरिंग फिरतं तेव्हा चाकाबरोबर स्प्रिंगही फिरायला हवी. बेअरिंग अडलं की स्प्रिंग पिळली जाते आणि ताण वाढला की एकदम सुटते. एकाला स्टीअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगवर बाहेरून नुसता तळहात टेकवा, वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालू नका. स्प्रिंग सलग न फिरता उडी मारत असेल तर निदान पक्कं.

काम करवून घेताना बेअरिंगसोबत माउंटिंगचं रबरही बदला, कारण शॉकअप खोलण्याची मजुरी तीच लागते. स्प्रिंग दाबायला दोन्ही बाजूंनी कॉम्प्रेसर लावलेलाच हवा. दोरीने किंवा तारेने बांधून नट सोडणारा मिस्तरी जिवाशी खेळतो आहे, तिथे गाडी देऊ नका. स्प्रिंगचं खालचं टोक ती बसते त्या बशीतल्या पायरीला टेकलं आहे ना हेही पाहा, नाहीतर आवाज कायम राहतो. बऱ्याचदा हेच शेवटचं वेटोळं गंजून तुटलेलं सापडतं.

प्रश्न : वॅगनआर, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग. खडबडीत रस्त्यावर हातात टकटक जाणवते. मेकॅनिकने पूर्ण स्टीअरिंग रॅक बदलायला सांगितलं आहे. — एक वाचक, वसमत

रॅक, म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारा दातेरी दांडा, हा शेवटचा खर्च आहे, पहिला नाही. गाडी जमिनीवर, चाकं सरळ आणि इंजिन चालू ठेवा. एकाने स्टीअरिंग घड्याळाच्या ११ ते १ एवढंच भराभर हलवायचं आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. हँडब्रेक ओढलेला असू द्या. निरोगी सांध्याच्या दोन्ही बाजू एकदम हलतात; झिजलेल्यात एक बाजू आधी हलते आणि दुसरी मागून येते. ती ठेच बोटांना कानापेक्षा आधी कळते.

सुरुवात आतून करा. पेडलच्या वर-खाली कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट असतो. त्याचा आवळणारा बोल्ट ढिला असेल, तर पाच मिनिटांत काम संपतं. जॉइंटच झिजला असेल तर तो बदलावा लागतो. काढताना चाकं सरळ ठेवा, स्टीअरिंग लॉक करा आणि एअरबॅग असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. स्टीअरिंग मोकळं फिरलं तर आतली गुंडाळलेली केबल तुटते आणि हॉर्न व एअरबॅग दोन्ही बंद पडतात.

नंतर टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा बाहेरचा सांधा, पाहा. चाक उचलून घड्याळातल्या ३ आणि ९च्या जागी धरून हलवा. ढिलाई जाणवली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड गेला आहे. रॅक एंड, म्हणजे त्याच दांड्याचा आतला सांधा, रबरी घडीच्या बुटाखाली लपलेला असतो, बूट चिमटीत दाबून आतला सांधा चाचपता येतो. ढिलाई १२ आणि ६च्या जागी असेल, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ती गेली तर चाकाचं बेअरिंग आणि राहिली तर बॉल जॉइंट.

हे सगळं ठीक असेल तरच रॅकच्या आतल्या गाइडकडे (दातेरी दांडा दाबून धरणाऱ्या भागाकडे) जायचं. त्याचा नट कसून आवाज बंद करता येतो आणि तोच मोह वाईट. फार तर एक-अष्टमांश फेरा कसावा आणि पाहावं. अर्धा फेरा कसला तर आवाज जाईल, पण स्टीअरिंग जड होईल आणि वळणावरून परत येणार नाही. टाय रॉड एंड बदलताना जुना किती फेऱ्यांत निघाला ते मोजा, नवा तेवढेच फेरे घाला आणि तरीही अलाइनमेंट करूनच घ्या.

प्रश्न : पूर्ण वळण घेताना चाकातून टक-टक-टक येते. — एक वाचक, भोकर

बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनची ताकद वळणाऱ्या चाकाला पोचवणारा सांधा. बूट फाटून ग्रीस उडालं असणार. रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतील. टकटक सुरू झाल्यावर नवं ग्रीस भरून फायदा नाही, जॉइंट बदला. आवाज नसताना फाटलेला बूट सापडला, तर जॉइंट खोलून धुवा, किटमधलं सगळं ग्रीस भरा आणि नवा बूट घाला. जॉइंट वाचतो.

प्रश्न : मांजरसुंबा घाट उतरताना ब्रेक लावला की पायाखाली एकदा 'ठक' होतं. चार महिन्यांपूर्वीच लोअर आर्मचे बुश बदलले होते, ते पुन्हा फाटले. माल खराब होता का? — एक वाचक, नेकनूर

मालाला दोष देण्याआधी बोल्ट कसा कसला होता ते विचारा. आमच्या मते मराठवाड्यात नवे बुश लवकर फाटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे आणि ते टाळायला एक पैसाही लागत नाही.

बुशमध्ये बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट कसला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट अडकते. त्यानंतर आर्म वरखाली होतो तो रबर पिळूनच. आता गाडी जॅकवर आहे, चाक लोंबतंय आणि मिस्तरीने तिथेच बोल्ट पूर्ण कसला. गाडी खाली उतरताच आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत अडकतं. गाडी उभी असतानाही त्यावर ताण राहतो आणि प्रत्येक खड्ड्यात तो वाढतो. रबर चिकटवलेल्या जागी सुटतं. मग ब्रेक लावला की आर्म मागे सरकतो आणि ठक वाजतं.

योग्य पद्धत अशी : बोल्ट आधी हाताने बसवून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोनदा दाबून हलवायची आणि मगच खड्ड्यात उतरून शेवटचं कसायचं. खड्डा नसेल तर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ दुसरा जॅक लावा आणि बॉडी घोडीवरून सुटायच्या बेतात येईपर्यंत आर्म उचला. त्या उंचीला कसा. पुस्तिकेत दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) पाळा. मागच्या ॲक्सलच्या बुशलाही हाच नियम लागू आहे.

आणखी दोन चुका तपासा. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ फटी असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते. जुना काढण्याआधी आर्मवर खूण केली नाही, तर नवा आडवा बसतो आणि फाटतो. दुसरी चूक म्हणजे बुश सरकावा म्हणून तेल किंवा ग्रीस लावणं. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं. बॉल जॉइंट आर्मसोबतच येत असेल आणि तोही जुना असेल, तर नुसते बुश ठोकण्यापेक्षा पूर्ण आर्म बदललेला बरा.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर ८०च्या पुढे गाडी घूंऽऽ करते. बेअरिंग की टायर? — एक वाचक, जालना

समृद्धीचा रस्ता सिमेंटचा आहे आणि सिमेंटवर टायर जास्त गातात. म्हणून त्याच वेगाने डांबरी रस्त्यावर चालवून पाहा. आवाजाचा सूर बदलला तर टायर. दोन्हीकडे सूर तोच आणि लांब वळणावर कमी-जास्त होत असेल तर बेअरिंग. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर बहुधा डावं बेअरिंग.

टायरवरून तळहात पुढे आणि मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट किंवा शॉकअपचा दोष टायरवर उमटला आहे. बेअरिंग बदलायचं झालं तर प्रेसवरच बसवून घ्या. नकलमध्ये घालताना दाब बाहेरच्या कड्यावर द्यायचा आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) घालताना आतल्या कड्याला आधार द्यायचा. जोर गोळ्यांमधून गेला तर त्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत घूं करू लागतं.

प्रश्न : बोलेरोच्या मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) कुरकुर जात नाही. जुनं इंजिन ऑइल टाकलं की आठवडाभर थांबते. — एक वाचक, माजलगाव

ऑइल टाकणं थांबवा. त्यावर धूळ बसून घासणारा लेप तयार होतो, पाटे झिजतात आणि शॅकलचं (पाटे गाडीला लटकवणाऱ्या कडीचं) रबर नासतं. आधी साध्या पाण्याने शोधा : एकेका बुशवर आणि पाट्यांच्या टोकांवर वेगवेगळं पाणी ओता आणि दर वेळी गाडी मागून दाबून हलवा. ज्या जागी पाणी पडल्यावर कुरकुर क्षणभर थांबते, ती जागा दोषी. शॅकलचे बुश असतील तर सगळे एकदम बदला. पाट्यांची टोकं असतील तर पाटे खोलून, ब्रशने गंज काढून ग्रॅफाइट ग्रीस लावा आणि टोकांच्या झिजलेल्या पट्ट्या नव्या घाला. उघडलेच आहेत तर मधला बोल्ट पाहा. तो तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. यू-बोल्ट गाडी चाकांवर असताना कसा आणि काही दिवस चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा.

प्रश्न : शेतातून आल्यानंतर ७०-८०च्या वेगाला स्टीअरिंग थरथरू लागलं. आधी असं नव्हतं. — एक वाचक, कळंब

काहीही खोलू नका. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती चिकटून वाळली आहे आणि तेवढ्या वजनाने चाकाचा बॅलन्स जातो. चाकं काढून आतून खरवडा, पाण्याने धुवा आणि चालवून पाहा. थरथर राहिली तर बॅलन्सिंग करा. चिखलासोबत एखादं वजन निघून पडलेलं असू शकतं.