अवकाश थंड असतं, उपग्रह नसतो

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, जेईईची तयारी चालू आहे. यानांच्या वीजयंत्रणेत सुपरकंडक्टर वापरण्यावरच काम करायचं, असं तिनं ठरवून टाकलंय. म्हणते, अवकाश थंडच असतं, त्यामुळे फुकटात काम होतं. असं क्षेत्र खरंच आहे का? शाखा कोणती घ्यावी? – एक आई, कराड

उत्तर : ताई, क्षेत्र आहे, पण त्या नावाची बी.टेक.ची शाखा शोधत बसू नका. आणि तिच्या ‘फुकटात’लाच खरी गोम आहे.

सुपरकंडक्टर म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला अजिबात न अडवणारा पदार्थ. 1987 साली सापडलेला वायबीसीओ हा त्यातलाच एक, तो 92 केल्विनच्या, म्हणजे उणे 181 अंशांच्या आसपास विजेला शून्य रोध दाखवू लागतो. सौरपट्ट्यांतून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी, आणि शून्य रोध डीसीलाच मिळतो, त्यामुळे कागदावर जोडी छान जमते. पण उन्हातला उपग्रह चांगलाच तापतो. त्यात उष्ण भागातून थंड भागात जाणारी तांब्याची तार विजेबरोबर उष्णताही आत नेते. 77 केल्विनला आत शिरलेली एक वॅट उष्णता बाहेर काढायला कूलर, म्हणजे थंडावा टिकवणारं यंत्र, सहज पंधरा-वीस वॅट खातो. काही किलोवॅटच्या उपग्रहात तारा मुळात आखूड, त्यामुळे वाचणारी वीजही थोडीच. तिथं चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! जेम्स वेब दुर्बिणीची सावलीतली बाजू आपोआप 40 केल्विनच्या आसपास राहते, तशी जागा असेल किंवा मेगावॅटभर विजेचं इंजिन असेल, तर हिशेब बदलतो. 1999 मध्ये अमेरिकेच्या आर्गोस उपग्रहावर असे सुपरकंडक्टर गेले होते, पण तेही संदेशांच्या सर्किटसाठी.

म्हणून माझं मत : अडलंय ते थंडीपाशी. मेकॅनिकल घेऊन पुढे क्रायोजेनिक्सकडे, म्हणजे अतिथंडीच्या तंत्राकडे वळावं. आयआयटी खरगपूरला त्याचं स्वतंत्र केंद्र आहे, आयआयटी मुंबईत कूलरवर काम चालतं. हीच विद्या एमआरआयला नि रॉकेटलाही लागते, त्यामुळे यानांचं नाही जमलं तरी मुलगी रिकामी बसणार नाही. पदार्थातच रस असेल तर मेटलर्जी, नाहीतर भौतिकशास्त्र घेऊन पीएच.डी.; तो रस्ता लांबचा आहे, घरच्यांनी मधे ‘नोकरी कधी?’ विचारायचं नाही. इलेक्ट्रिकलही चालेल. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश-तंत्रज्ञानाच्या संस्थेचा अर्ज मात्र जेईई अ‍ॅडव्हान्स्डनंतर वेगळा भरावा लागतो, तो विसरू नका.

फॉर्म भरण्याआधी एक करा. 28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला बऱ्याच संशोधन संस्था सर्वांसाठी खुल्या असतात. थर्माकोलच्या वाटीत द्रवरूप नायट्रोजन, त्यात सुपरकंडक्टरची एक काळी टिकली, तिच्यावर तरंगणारं चुंबक, असा प्रयोग कुठे असेल तर लेकीला घेऊन जा. नायट्रोजन उडून गेला की थोड्या वेळात चुंबक अलगद खाली बसतं. तेव्हा ती काय विचारते ते ऐका : टिकली कशाची आहे, की नायट्रोजन जास्त वेळ कसा टिकवायचा? तेवढं मला कळवा, मग शाखेचं बोलू.