पहिली नोंद कधीची?

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री अडीचला लिहिलेलं पत्र ओळखू येतं गं, त्यात एकही वाक्य धड संपत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला, तिथल्या लोकपरंपरांच्या अभ्यासाला जाऊन जेमतेम चार महिने झाले आणि तू विचारतेस, "बाई, ड्रुइड पुरोहितांचं सगळं मागाहून रचलेलं, बार्ड म्हणजे कवींचे विधी बनावट, इथल्या माणसांना 'केल्ट' हे युरोपातल्या प्राचीन जमातींचं नाव द्यायची रीतसुद्धा एडवर्ड ल्विड या भाषाभ्यासकाच्या १७०७च्या ग्रंथानंतर रुळलेली. मग मी अभ्यास कशाचा करतेय?"

वर्गात मी तुम्हाला एकच प्रश्न घोकून घेतला होता. पहिली नोंद कधीची? तू तो विचारलास, उत्तर शोधलंस आणि तिथेच हातपाय गाळलेस. उत्तर मिळाल्यावर काम सुरू होतं. तू पाटी पुसायला निघालीस.

बॉस्कावेन-ऊनचंच घे. एकोणीस दगडांचं रिंगण, मधला दगड कलता, रिंगणातला एक पांढऱ्या गारगोटीचा. ते ब्राँझयुगातलं. ग्रीक-रोमन लेखकांनी ड्रुइडांबद्दल लिहिलं ते त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी. कॉर्नवॉलमधल्या असल्या दगडांशी ड्रुइडांची गाठ पक्की मारली विल्यम बोर्लेस या धर्मगुरूने, १७५४च्या ग्रंथात. बार्डांच्या सोहळ्याचं मूळ इओलो मॉर्गनुग या वेल्श पाथरवटाकडे जातं. त्याने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर मेळा भरवला आणि परंपरा जुनी ठरावी म्हणून कागद स्वतःच रचले. कॉर्नवॉलचं स्वतःचं गोर्सेड, म्हणजे बार्डांचा मेळा, याच रिंगणात भरलं ते २१ सप्टेंबर १९२८ला.

आता शेवटच्या तारखेपाशी थांब. खाणींचा धंदा बसलेला, पिढ्यान्‌पिढ्या माणसं समुद्रापार गेलेली, आईच्या तोंडून कॉर्निश ही तिथली जुनी भाषा ऐकत वाढलेलं कुणी उरलेलं नाही. आणि ऐंशी वर्षांचा हेन्री जेनर त्या दगडांत उभा राहून त्याच भाषेत बोलतो. याच माणसाने १९०४ मध्ये कॉर्निशचं व्याकरण छापलं होतं. कॉर्निश माणसाने कॉर्निश का शिकावी, असा प्रश्न त्याने प्रस्तावनेत स्वतःच घातला. पैसा नाही, व्यवहारात उपयोग नाही. उत्तर एवढंच, की तो कॉर्निश आहे म्हणून. पुढे २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने भाषेला मान्यता दिली, २०१४ मध्ये तिथल्या लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून. याला तू "बनावट" म्हणून केराची टोपली दाखवणार? तारखेने सोहळा खोटा ठरत नाही. कुणाला, कधी, कशाची निकड होती ते तारीख सांगते. पहिली नोंद कधीची, हे त्यासाठी विचारायचं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या वयाची असताना मी एका मासिकात याच रिंगणावर लेख लिहिला. ड्रुइडांचं देवस्थान, अखंड परंपरा, सगळं ठोकून दिलं. महिन्याभराने एका वाचकाचं कार्ड आलं. त्यावर एकच शब्द होता, "पुरावा?" ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले, आणि ते जास्त लागतं मला. कॉर्नवॉलमधल्या मॅड्रनच्या पवित्र विहिरीवर तू गेली आहेस. झाडाच्या फांद्यांना लोक चिंध्या बांधतात. चिंधी कुजत जाईल तसं दुखणं ओसरतं, अशी श्रद्धा. मी गेले तेव्हा सुती चिंध्यांच्या जोडीला नायलॉनच्या फिती, बुटाची नाडी आणि दवाखान्यात मनगटाला बांधतात तो प्लॅस्टिकचा पट्टा लटकत होता. साठीची एक बाई रुमालाची कड फाडून गाठ मारत होती. थंडीने तिची बोटं आखडली होती, गाठ बसेना. तिने सहज विचारलं, हे फार प्राचीन आहे ना? आणि मी तिला व्याख्यान दिलं. केल्टिक म्हणतात त्यातलं किती अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांचं, सगळं. ती म्हणाली, "माझ्या बहिणीसाठी बांधतेय." आणि गाठ न मारताच रुमाल खिशात घालून निघून गेली.

माझ्या तारखा बरोबर होत्या. पण त्याच विहिरीची सतराव्या शतकातली नोंद मी तिला सांगितली नाही. जॉन ट्रेलिल नावाचा पांगळा सोळा वर्षं हातांवर चालत होता, या पाण्याने बरा झाला, आणि एक्झेटरचा बिशप जोसेफ हॉल याने स्वतः चौकशी करून ते लिहून ठेवलं. बोर्लेसच्या शंभर वर्षं आधी. त्या बाईला देण्याजोगी हीच एक गोष्ट माझ्यापाशी होती.

तुझा बॉसकासलच्या चेटूक-संग्रहालयातला उत्साह कळतो, पण तिथे फार घोळ घालते आहेस. हेल्स्टनची टॅम्झिन ब्लाइट १८५६ला वारली. लोक तिला पेलर म्हणत आणि माणसांवरची, गुराढोरांवरची करणी उतरवायला तिच्याकडे येत. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर जो विक्का हा आधुनिक चेटूकपंथ उघडपणे पुढे आला, तो वेगळा. दोन्ही अभ्यासाचे विषय आहेत. तुझ्या टिपणात दोन्ही एकाच परिच्छेदात "प्राचीन कॉर्निश जादू" म्हणून आलेत. पहिली नोंद कधीची? प्रत्येक उताऱ्याला, प्रत्येक ताइताला हे विचारल्याशिवाय ओळ पुढे ढकलायची नाही. मला राग येतो तो याच आळसाचा.

आणि "मी बाहेरची, मला काय अधिकार" हे रडगाणं पुरे. मूसलच्या डॉली पेंट्रीथचं स्मारक तू पाहिलंस. ती १७७७ला गेली. कॉर्निश बोलणारी शेवटची, असं लोक म्हणतात ही ओळ त्यावर कोरली १८६० मध्ये. पण त्याच गावच्या विल्यम बोडिनार या कोळ्याने १७७६ मध्ये कॉर्निश आणि इंग्रजीत पत्र लिहिलं, की गावात ही भाषा येणारी चार-पाच म्हातारी माणसं आहेत. तो स्वतः १७८९पर्यंत जगला. दगडावरचं वाक्य आणि कोळ्याचं पत्र शेजारी ठेवायला कुठल्या गावचा जन्म लागतो? शिवाय कॉर्निश खाणकामगार कोलारच्या सोन्याच्या खाणींत राबले आहेत. ती वाट तुला आपल्याकडून जास्त जवळ आहे. चिंध्यांइतकीच ओळख तिथल्या शाफ्टांतही आहे, पण त्यावर लिहायला कुणाला गूढ वाटत नाही.

बाईंचं पुस्तक कधी आलं नाही, असं तुमच्या बॅचमध्ये बोललं जायचं, मला ठाऊक आहे. मॅड्रनवरची तीनशे पानं कपाटात आहेत. चिंध्यांची सर्वांत जुनी नोंद ठामपणे दाखवता येईना, म्हणून दिली नाहीत छापायला. एका प्रकाशकाने सांगितलं, "शतकानुशतकं" असं घाला आणि पुढे चला. नाही घातलं. आजही घालणार नाही. त्यापायी बढती गेली आणि घरच्यांनी वेडात काढलं. तरी ते चुकलं असं मला वाटत नाही. रात्री कधी वाटतं, तेव्हा ते कार्ड काढून बघते. तू मात्र छाप. जेवढ्याची तारीख हाती आहे तेवढं छाप, बाकीची पानं कोरी राहू देत.

महिनाअखेर मला नवं टिपण पाठव. समासात डावीकडे साल, उजवीकडे कोणी लिहिलं ते. मॅड्रनला पुन्हा जाशील तेव्हा गमबूट घाल, विहिरीकडची वाट दलदलीची आहे. आणि कुणी गाठ मारत असेल तर आधी फांदी धर.

तुझी,
बाई