फुटबॉल मॅनेजरसारख्या गेममध्ये ट्रेनिंग एवढं बोअर का वाटतं, आणि काय बदललं तर मजा येईल?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की असल्या गेममध्ये, जिथं आपण मॅनेजर बनून क्लब चालवतो, चार सीझन खेळले, कप पण जिंकले, अन् ट्रेनिंगची स्क्रीन दोनदाच उघडली, ती पण चुकून. वाचून हसलो कारण आमच्या नागपूरच्या ग्रुपात चौघं खेळतो अन् चौघांचंही हेच आहे, पहिल्याच दिवशी ट्रेनिंग गेममधल्या असिस्टंटच्या गळ्यात मारायचं आणि आपण ट्रान्सफरच्या, म्हणजे खेळाडू घ्यायच्या-विकायच्या, मागे लागायचं.

मी फुटबॉल मॅनेजरच धरून बोलतो, दुसरे गेम फार खेळलो नाही. २०१९ च्या एडिशनमध्ये त्यांनी ट्रेनिंग पार बदलून टाकलं, हप्त्याचं कॅलेंडर आलं, दिवसाला दोन सेशन वर एक एक्स्ट्रा, सीनियर प्लेयरसोबत ज्युनियर जोडायचं मेंटॉरिंग आलं. मी तेव्हा दोन रात्री बसून तीन टाइमटेबल बनवले होते, एक मॅचवाला हप्ता, एक दोन मॅचवाला, एक प्रीसीझनचा. मग महिनाभरानं काय दिसलं, तर एका पोट्ट्याच्या पासिंगसमोर हिरवा बाण. बस. तो बाण माझ्या टाइमटेबलमुळे आला, का कोच चांगला होता म्हणून आला, का मॅचेस खेळला म्हणून आला, काही समजायला मार्ग नाही. मेहनत केली तरी बाण, नाही केली तरी बाण, मग माणूस असिस्टंटलाच देईल ना बाप्पा.

माझ्या मते खरा घोळ इथंच आहे. ट्रेनिंगमध्ये सेशन कमी आहेत म्हणून नाही (उलट जास्तच आहेत), तर ट्रेनिंगची किंमत कुठं मोजावी लागत नाही अन् कारण कुठं दिसत नाही म्हणून.

किंमत म्हणजे काय ते सांगतो. मी रविवारी सकाळी आमच्या एरियातल्या चौदा वर्षांखालच्या पोट्ट्यांना शिकवायला मदत करतो, कोच वगैरे नाही, ग्राउंडवर प्लास्टिकचे कोन मांडणारा माणूस समजा. एक पोट्टा होता, लेफ्ट विंगवर नुसता उडायचा, पण उजवा पाय फक्त उभं राहायला. आम्ही ठरवलं याचा उजवा पाय तयार करू. दोन महिने भिंतीवर उजव्या पायानं पास, उजव्या पायानंच शॉट, डावा वापरला की एक चक्कर. अन् झालं काय, तर पोट्टा आणखी बिघडला. आधी बॉल आला की सुटायचा, आता बॉल आला की थांबून विचार करून राहिला की कोणता पाय. दोन मॅचेस बाहेर बसवावा लागला, त्याचे वडील माझ्याशी बोलणं बंद. तिसऱ्या महिन्यात कुठं गाडी रुळावर आली. गेममध्ये पण कमजोर पायावर काम करायला लावता येतं, पण मला तरी त्यात कोणाचा फॉर्म असा पडलेला दिसला नाही, क्लिक केलं, महिने गेले, मेसेज आला की जमलं किंवा नाही जमलं. मधला तो वाईट काळ, जिथं मॅनेजरला ठरवावं लागतं की रेटायचं का सोडायचं, तोच गायब आहे, अन् मजा तर तिथंच होती.

म्हणून माझ्या हातात असतं तर मी नवीन सेशन एकही टाकला नसता. दर हप्त्याला कोचकडून फक्त एक निरीक्षण आणलं असतं, रिपोर्ट नाही, आकडे नाही. “तुमचा स्टॉपर (मधला डिफेंडर) हाय लाइनच्या, म्हणजे डिफेन्स पुढं सरकून खेळायच्या, सेशनमध्ये वळायला उशीर करून राहिला, त्याच्यासाठी लाइन खाली घेऊ का त्यालाच बदलू?” असं. मी काय उत्तर देतो त्यावर पुढचे सहा हप्ते. अन् त्याच चुकीवर शनिवारी गोल बसला की कॉमेंट्रीत किंवा कोचच्या तोंडून मला ते आठवण करून द्या. कॉर्नरची प्रॅक्टिस केली अन् कॉर्नरवर गोल झाला तरी हेच. २०२४ च्या एडिशनमध्ये सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किक वगैरेंचा) वेगळा कोच आणला, तिथं थोडंफार या रस्त्यानं गेले, पण थोडंच.

दुसरं म्हणजे पोटेन्शियल. गेमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येकाची आताची क्षमता अन् वरची हद्द २०० पैकी आकड्यात लपवलेली असते, आणि ती वरची हद्द सेव्ह, म्हणजे आपला नवा खेळ, सुरू झाला की फिक्स. म्हणजे मी कितीही राबलो तरी छत आधीच घातलेलं. आता इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी वार्डी बघा, २०१२ मध्ये पंचवीस वर्षांचा असताना नॉन-लीगच्या (वरच्या चार लीगच्या खालच्या) फ्लीटवुडमधून लेस्टरला आला, २०१६ मध्ये प्रीमियर लीग चॅम्पियन. २०११ मध्ये त्याची हद्द किती लिहिली असती कोणी? हद्द थोडी सरकती ठेवा, वर पण आणि खाली पण, म्हणजे ट्रेनिंगला काही अर्थ राहील. यावर ग्रुपात भांडण झालंय, एक जण म्हणतो मग सगळेच मेस्सी होतील. होऊ दे ना, पण कमी होऊ दे.

आणि ऊन! इंडियन क्लब घेऊन खेळलो तेव्हा हे जास्तच टोचलं. आमच्याकडे नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) पारा ४५ च्या वर जातो, पोट्टे साडेपाचला ग्राउंडवर अन् सातला घरी, त्यानंतर बॉलला हात लावायची कोणाची हिंमत नाही. गेममध्ये मी भर उन्हाळ्यात डबल सेशन लावले तरी कोणी हूं का चूं केलं नाही. सेशनला सकाळ-संध्याकाळ अन् तापमान जोडणं एवढं अवघड नसावं.

२०२५ ची एडिशन तर कंपनीनं रद्दच केली अन् थेट २०२६ चीच आणली. हे सगळे बदल येतील तेव्हा येतील, तोपर्यंत जे हातात आहे त्यावर एक करून बघा. टीमचं टाइमटेबल असिस्टंटकडे राहू द्या, पण तीन पोट्टे निवडा, फक्त तीन, आणि त्यांचं वैयक्तिक ट्रेनिंग स्वतः धरा. रोल द्या, एक एक्स्ट्रा फोकस द्या, अन् वहीत तारीख टाकून लिहून ठेवा काय लावलं ते, हो, कागदाची वही. माझ्या वहीत मागच्या सेव्हचा एक लेफ्ट बॅक आहे, ज्याला मी डिसेंबरमध्ये क्रॉसिंगवर, म्हणजे बाजूनं गोलसमोर बॉल टाकण्यावर, लावला होता. मार्चमध्ये त्याच्या क्रॉसवर गोल झाला तर रात्री दीड वाजता घरचे उठले एवढा ओरडलो.