आधी इपॉक्सीचं नाव सांग

अनेक आशीर्वाद.

अवकाशात पाठवायच्या अतिनील दुर्बिणीचा तुझा आराखडा दोनदा वाचला. आरसे, फिल्टर, प्रकाश टिपणारा डिटेक्टर, सगळं छान मांडलं आहेस. पण भिंगं बसवायला कोणतं इपॉक्सी (म्हणजे पक्का चिकटणारा गोंद), वायरी बांधायला कोणती टेप, याचा कुठे उल्लेख नाही. मी तिथूनच सुरुवात करतो.

फोडणीचा धूर शेगडीमागच्या गार टाइल्सवर जाऊन चिकटतो, तसंच आहे हे. निर्वातात गोंद, रंग, प्लॅस्टिक यांतून वाफा सुटतात आणि सगळ्यांत थंड जागा शोधतात. ती जागा म्हणजे आपणच हौसेने गार केलेला डिटेक्टर! दृश्य प्रकाशाला हा पातळ थर जाणवतही नाही; अतिनील किरण तो गिळून टाकतो. हबल अवकाश दुर्बिणीवरच्या डब्ल्यूएफपीसी-२ कॅमेऱ्याचे सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिप, उणे ८८ अंश सेल्सिअसवर चालायचे. त्यांच्यासमोरच्या खिडक्यांवर थर साचून अतिनील प्रकाश घटत जायचा. मग साधारण महिन्यातून एकदा सीसीडी गरम करून तो उडवायचा. म्हणून तुझ्या आराखड्यात हीटर आजच हवा, नंतर त्याला जागा मिळत नाही.

सूर्याकडे रोखलेल्या उपकरणाचं दुखणं आणखी वेगळं. थरावर उन्हातले अतिनील किरण पडले की तो पक्का होतो, मग कितीही तापवा, निघत नाही. आदित्य-एल१ या भारताच्या सूर्ययानावरची, आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेली सूट दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये, म्हणजे अतिनील प्रकाशात, सूर्यच पाहते. तिथे स्वच्छतेत कसूर चालणारच नाही.

झाकणाचंही तसंच. ॲस्ट्रोसॅट हा भारताचा खगोल-उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला उडाला, पण त्यावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीची दारं जवळजवळ दोन महिने बंद ठेवली होती. यानातल्या वाफा आधी निघून जाऊ देत, म्हणून. लोकांना पहिल्या चित्राची घाई असते. तू वेळापत्रकातच हा काळ लिहून टाक, म्हणजे नंतर भांडावं लागणार नाही.

दुर्बिणीच्या नळीतली हवा बाहेर पडायची भोकं आरशाकडे तोंड करून नकोत. जोडणीच्या काळात कोरडा नायट्रोजन सोडत राहा, आणि शेजारी नमुन्याचा एक छोटा आरसा ठेव. त्याची परावर्तनक्षमता घसरली, तर खरा आरसा काय सोसतोय ते कळेल.

पुढच्या पत्रात प्रत्येक वस्तूची यादी पाठव. टेपच्या रिळावरचा नंबरसुद्धा.