'ऑफ' कोण झालं, पाऊस की सामना?

प्रश्न : इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या भाच्याचा मेसेज आला, 'संडेज मॅच वॉज रेन्ड ऑफ.' ऑफ म्हणजे बंद, म्हणजे पाऊस थांबला, असं समजून मी विचारलं, 'मग कोण जिंकलं?' तो अजून हसतोय. माझं चुकलं कुठे?

उत्तर : हसू द्या त्याला. मीही याच खड्ड्यात पडलोय. वर्तमानपत्रात रात्रपाळीला नवीन असताना एजन्सीच्या बातमीतल्या 'रेन्ड ऑफ'चं मी 'पावसाची उघडीप' करून टाकलं. मुख्य उपसंपादकांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला. "उघडीप झाली ना? मग धावफलक कुठाय?"

इथलं 'ऑफ' पावसाचं नाही, सामन्याचं. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं; त्यातलं जे ऑफ, तेच हे. फक्त रद्द करणारा माणूस नसून पाऊस आहे. म्हणून वाक्याच्या सुरुवातीला सामना किंवा सहल येते आणि क्रियापद बहुतेक कर्मणीच : 'द पिकनिक वॉज रेन्ड ऑफ'. 'आय रेन्ड ऑफ द पिकनिक' म्हणालात तर ढग तुम्हीच! बर्फाने बेत मोडला तर ब्रिटिश 'स्नोड ऑफ' म्हणतात. अमेरिकेत मात्र 'रेन्ड आउट'. तिथे बेसबॉलचा सामना पावसात गेला की तिकिटाच्या तुकड्यावर पुढचा सामना बघता येई. तो तुकडा म्हणजे 'रेन चेक'.

एक मेख आहे. खेळ मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला, तर ते 'रेन्ड ऑफ' नव्हे. उलट रात्री कोसळून सकाळी लख्ख ऊन पडलंय, पण मैदानाचं तळं झालंय म्हणून सामना रद्द, तर ते नक्की 'रेन्ड ऑफ'. आपलं 'बेतावर पाणी पडलं' जवळचं वाटतं खरं, पण ते पाणी ऐनवेळी पाहुणे टपकले तरी पडतं. बातमीत मी सरळ 'पावसामुळे सामना रद्द' लिहितो.

भाच्याला उत्तर द्यायचंच असेल तर मेलबर्नची गोष्ट सांगा. 1970-71च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया अ‍ॅशेस मालिकेत तिथल्या कसोटीचे पहिले तीन दिवस पावसात गेले आणि कसोटीच रद्द झाली. तिच्या बदल्यात 5 जानेवारी 1971 रोजी 40-40 षटकांचा सामना खेळवला, षटक आठ चेंडूंचं. तोच पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना. तिथे 'मग कोण जिंकलं?' हा तुमचा प्रश्न अगदी चपखल बसतो : ऑस्ट्रेलिया, पाच गडी राखून.