तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: कॅथलिक विद्यापीठ म्हणजे रोज चर्चला जायचं का?

प्रश्न: मुलीला अमेरिकेत नोत्र दामला इंजिनिअरिंगची ॲडमिशन मिळतेय. पण ते कॅथलिक विद्यापीठ आहे म्हटल्यावर घरात सासूबाईंपासून सगळेच धास्तावलेत. तिला बायबल शिकावं लागेल का, प्रार्थनेची सक्ती असते का? आणि हॉस्टेल कसं असतं? (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, आधी सासूबाईंना सांगा की मुंबईचं झेवियर्स 1869 पासून चालू आहे, आपली किती मुलं तिथं शिकून आली आणि घरी येऊन गणपतीची आरतीच म्हणतायत. झेवियर्स जेझुइट नावाच्या कॅथलिक संघाचं, नोत्र दाम होली क्रॉस संघाचं, एवढाच फरक. मी नोत्र दामला मास्टर्स केलं, दोन वर्षात मला एकदाही कुणी मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, चल म्हणून ओढलं नाही. थिऑलॉजीचे (धर्मशास्त्राचे) दोन कोर्स मात्र बॅचलर्सच्या सगळ्यांना करावेच लागतात, त्यातून सुटका नाही, पण ते वाचन-चर्चेचे कोर्स असतात, पाठांतराचे नाहीत.

आता थोडा इतिहास, कारण तो मला फार आवडतो. 1842 च्या नोव्हेंबरात एदुआर सोरँ नावाचा फ्रेंच पाद्री, वय वर्षं 28, काही ब्रदर्सना (संघातले व्रतस्थ, पण पाद्री नसलेले लोक) घेऊन अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बर्फ पडत असताना पोचला आणि त्याने नोत्र दाम सुरू केलं. जागा बिशपने दिलेली, खिशात जेमतेम पैसे. सुरुवातीला फी म्हणून डुकरं, गुरंसुद्धा चालायची, आणि पार छोटी मुलंही शिकायला असायची, म्हणजे नाव युनिव्हर्सिटी आणि वर्गात सहा वर्षांची पोरं. कर्ज डोक्यावर चढलं तेव्हा या बाबाने 1850 साली चक्क काही ब्रदर्सना सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला धाडलं!! सोनं काही मिळालं नाही, मोहीम पार फसली. पुढच्याच वर्षी त्याने कॅम्पसला स्वतःचं पोस्ट ऑफिस मिळवलं आणि स्वतःच पोस्टमास्तर झाला, हे जास्त शहाणपणाचं होतं असं माझं मत.

मग 23 एप्रिल 1879 ला मुख्य इमारत जळून खाक झाली. मुलांना घरी पाठवलं, सोरँ तेव्हा 65 चा, दुसरा कुणी असता तर आटोपतं घेतलं असतं. त्याने आधीपेक्षा मोठी बांधायचा चंग बांधला आणि सप्टेंबरात वर्ग त्या नव्या इमारतीत भरले. तिच्या पिवळट विटा तिथल्याच तळ्यांच्या मातीच्या, आणि वरचा तो सोनेरी घुमट नंतरचा. पदवी मिळेपर्यंत त्या इमारतीच्या पुढच्या पायऱ्या चढायच्या नाहीत असं मुलं मानतात, सगळी वळसा घालून जातात, मीसुद्धा जायचे.

हॉस्टेलचं म्हणाल तर खरं कॅथलिकपण तिथं दिसतं. मुलींचे हॉल वेगळे, मुलांचे वेगळे, फ्रॅटर्निटी (कॉलेजच्या मुलांचे खासगी क्लब) वगैरे भानगडच नाही. प्रत्येक हॉलमध्ये छोटं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, आणि आपल्यासारखाच रेक्टर, जो तिथंच राहतो. बाहेरच्या मुलाने मुलीच्या खोलीत रात्री 12 पर्यंतच थांबायचं, शुक्रवार-शनिवारी 2 पर्यंत. मी एकदा ज्युनिअर मैत्रिणीच्या हॉलवर गेले होते, बाराला पाच कमी असताना दोन मुलं अर्धा पिझ्झा आणि चार्जर हातात धरून जिन्यावरून धडाधडा खाली पळाली आणि लॉबीत बसून तोच अभ्यास पुन्हा सुरू! तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल, मुलीला वाटणार नाही. आणि मुली तरी तिथं कधीपासून? बॅचलर्सला 1972 पासून, त्याआधी त्यांनी रस्त्यापलीकडच्या सेंट मेरीज कॉलेजमध्येच शिकायचं.

जेवण ठीकठाक, व्हेज म्हणजे पास्ता आणि सॅलड, कुकर पाठवाल तर आधी हॉलमध्ये चालतो का ते विचारा. थंडी मात्र मिशिगन सरोवरावरून येते आणि बर्फ नुसता ओतते. अशाच एका जानेवारीत परीक्षेच्या टेन्शनमध्ये मी ग्रोटोवर गेले होते, म्हणजे फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राच्या गुहेची 1896 मधली छोटी प्रतिकृती, बर्फात शेकडो मेणबत्त्या, मेणाचा वास, कुणी बोलत नव्हतं. मीही एक लावली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बरं केलंस.

प्रश्न: नोत्र दामच्या फुटबॉल टीमला फायटिंग आयरिश (लढाऊ आयरिश) का म्हणतात? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: आधी तो टोमणा होता. कॅथलिक म्हणजे उपरे, गरीब आयरिश, असं तेव्हाच्या अमेरिकेत बरेच लोक धरून चालायचे. मे 1924 मध्ये कु क्लक्स क्लान या वर्णद्वेष्ट्या, कॅथलिकविरोधी संघटनेचे लोक जवळच्या साउथ बेंड गावात जमले, तर नोत्र दामची मुलं तिथं जाऊन भिडली, शेवटी विद्यापीठाचे प्रेसिडेंट फादर वॉल्श यांनी समजूत घालून त्यांना परत आणलं. आणि 1927 साली त्याच वॉल्शनी तो टोमणा टीमचं अधिकृत नाव करून टाकला.