गोळ्या गुपचूप का बंद होतात?

प्रश्न : मी मूळची नाशिकची असून अमेरिकेतील अटलांटा येथे एका दवाखान्यात परिचारिका आहे. आमचे बहुतेक रुग्ण चाळिशी-पन्नाशीतील कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष आहेत. एका गृहस्थांनी रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. त्या सुरू झाल्यापासून त्यांना संभोगाच्या वेळी ताठरता येत नव्हती, हे त्यांच्या पत्नीकडून कळले. सहकारी म्हणतात, ‘या समाजात असे विषय बोलतच नाहीत.’ हे खरे आहे का? मी हा विषय कसा काढावा?
— एक वाचक, अटलांटा

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही. या विषयाचा संकोच कोणत्या समाजात नसतो? आपल्याकडचे रुग्णही अशक्तपणाचे औषध मागतात आणि खरी तक्रार दाराशी उठून जाताना सांगतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मौनाला मात्र संकोचापेक्षा वेगळे कारणही आहे. आपल्या शेजारच्या अलाबामा राज्यात, टस्कीगी येथे, 1932 पासून 1972 पर्यंत सरकारी आरोग्यसेवेने सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराच्या नावाखाली केवळ निरीक्षणाखाली ठेवले आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना मिळू दिले नाही. गुप्तरोगाच्या निमित्ताने ज्यांच्या वडीलधाऱ्यांची अशी फसवणूक झाली, त्यांनी अनोळखी डॉक्टरपुढे शयनगृहातली गोष्ट काढताना हात आखडता घेतला, तर त्यात नवल कसले?

त्यात दवाखान्यातले प्रश्नही बहुधा संसर्गाचे, एचआयव्हीचे आणि गर्भनिरोधनाचे असतात; समाधान मिळते का, वेदना होतात का, हे कोणी विचारत नाही. ज्याची चौकशी नेहमी रोगाचा संशयित म्हणून होते, तो सुखाची तक्रार कोणाकडे करणार?

आता त्या गृहस्थांविषयी. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, त्यामुळे ही अडचण त्यांच्या एकट्याची नाही. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असल्याने रक्ताभिसरणातला बिघाड पुष्कळदा तेथे आधी जाणवतो. म्हणून दोष गोळीचाच असेल असे नाही आणि हृदयाची व मधुमेहाची तपासणी टाळू नये. मात्र थायझाइड वर्गातील लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि हृदयाचे ठोके मंदावणारी काही जुनी औषधे (बीटा ब्लॉकर) यांमुळे हा त्रास होऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. ते परस्पर सोडल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी दुकानातून किंवा मित्राकडून घेऊ नये, कारण छातीच्या दुखण्यावरील नायट्रेटसोबत ती जिवावर बेतू शकते.

त्यांच्या पत्नीलाही विचारा. घरातली तक्रार पुरुषाची ठरली की स्त्रीची राहूनच जाते, हे मी वारंवार पाहतो. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी लवकर आणि अधिक प्रमाणात होतात. त्यांमुळे अतिरक्तस्राव, ओटीपोटात जडपणा आणि संभोगाच्या वेळी वेदना होऊ शकतात. गाठी आहेत म्हणजे गर्भाशय काढलेच पाहिजे, असे नाही. इतर पर्याय विचारण्याचा तिला हक्क आहे. रजोनिवृत्तीच्या काळातील अंगातून वाफा येण्याचा त्रासही या स्त्रियांना अधिक काळ होतो. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात तो साधारण 10 वर्षे टिकल्याचे आढळले, तर गोऱ्या स्त्रियांमध्ये साडेसहा वर्षे. रात्रीची झोप उडालेली असताना इच्छा कमी झाली, तर तिला थंडपणा म्हणणे अन्यायाचे आहे. योनीच्या कोरडेपणासाठी वंगण आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते.

विषय कसा काढावा, हे लॉस एंजेलिसच्या केशकर्तनालयांत दिसले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधतज्ज्ञ कृष्णवर्णीय न्हाव्यांच्या दुकानांत जाऊन गिऱ्हाइकांचा रक्तदाब तपासत आणि औषध ठरवत. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी 27 अंकांनी उतरला. ओळखीच्या खुर्चीत बसलेला माणूस औषध घेतो. आपल्या दवाखान्यात ती खुर्ची नसली, तरी रक्तदाबाचा पट्टा बांधताना, दार लावून, आपण म्हणू शकता : ‘या गोळ्यांनी पुष्कळांना शरीरसंबंधात अडचण येते. तुम्हाला येते का? आली तर औषध बदलता येते.’ उत्तर लगेच मिळाले नाही, तर पुढच्या भेटीत पुन्हा विचारा आणि त्या गृहस्थांना पत्नीने काय सांगितले, ते मात्र कळू देऊ नका.